श्रीखंडाच्या डब्यातला कार्बोरेटर

रविवार, ११ मे २०२५
सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं
तारकर्ली

ती. दादा, नमस्कार.

आत्ता सहा चाळीसला मी फियाटच्या डाव्या दाराखालचा गंज तारेच्या ब्रशाने खरवडत होतो. ब्रश आरपार गेला. भोकातून पलीकडची माडाची मुळं दिसली. तेव्हा हात धुतले आणि वही घेऊन बसलो.

फोन केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. आईच्या फोनवर दर रविवारी बोलतोस. मी ओटीवर आलो की "बरं, ठेवतो" म्हणतोस. म्हणून पोस्टाने लिहितो. पोचपावती जोडली आहे, तिच्यावर सही करून पोस्टमनला परत दे.

मुद्दा असा. नानांच्या फियाटचं आरसी पुस्तक अजून नानांच्याच नावावर आहे. त्याची मुदत ३१ ऑगस्ट २०२५ ला संपते. त्याआधी गाडी चालू करून तपासणीला न्यावी लागेल आणि माझ्या नावावर करावी लागेल. आई सही देते. दुसरा वारस तू. तुझी संमती पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लागते. कुडाळचा एजंट म्हणाला, मुदत गेली आणि नावही लागलं नाही तर ही गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर जाईल. स्टॅम्प पेपर सोबत पाठवतो आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर. बाकी सगळं मी लिहिलं आहे.

तुला वाटेल, सव्वातीन वर्षं अंगणातल्या माटवात, झावळ्यांखाली उभी असलेली गाडी आताच कशाला काढली. प्रीतम आणि निलेश मागे लागले म्हणून. प्रीतम आता फायबरच्या होड्या दुरुस्त करतो, निलेश वेल्डिंग करतो. दोघं रविवारी येतात. पहिल्या दिवशी निलेशने हातोडी घेऊन चारी बाजूंनी ठोकून बघितलं आणि म्हणाला, "यतीन, वेल्डिंग करूक पत्रो लागता. हंयसर नुसतो गंज आसा. गंजाक गंज कसो जोडू?"

प्रीतम खाली झोपून बघत होता. तो म्हणाला, "मेल्या, ही गाडी न्हय, पेज गाळूची चाळण आसा."

तरी दोघं पाच तास राबले. आईने घावणे दिले.

नाना गेले त्या दिवशी गाडी बंद होती, हे तुला माहीत आहे. त्यावर मी काही लिहीत नाही. मला एवढंच वाटतं, की चतुर्थीला तू, वर्षाली वहिनी आणि अनुजा कुडाळला उतरलात की नाना यायचे तशी गाडी घेऊन मी यावं. अनुजाचा जन्म नंतरचा, तिने ती गाडी चाललेली बघितलेली नाही.

उत्तर पाठव.

यतीन


रविवार, १५ जून २०२५
दुपारी तीन वाजून पाच मिनिटं

ती. दादा, नमस्कार.

पोचपावती मिळाली. सही वहिनीची आहे. स्टॅम्प पेपर आला नाही.

आत्ता मी ताडपत्रीवर साचलेलं पाणी बांबूने वर ढकलत होतो. माटव गळतो. गाडीवर तीन ताडपत्र्या आहेत, तरी ओल येतेच. समुद्र तीनशे पावलांवर, त्यामुळे खरवडलेला पत्रा संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतो. सकाळी बोट फिरवलं तर बोटाला गंज लागतो. निलेशने खालचे दोन्ही पट्टे नवीन घातले, चार ठिकाणी ठिगळं मारली. पण दारांच्या आतली बाजू, जिथे ब्रश पोचत नाही, तिथे काय करायचं ते कळत नव्हतं.

प्रीतमने तोड काढली. त्याच्या आज्याच्या वेळचा एक डबा आहे, मोरी माशाच्या तेलाचा. होडीच्या लाकडाला लावायचे ते. मी म्हटलं, लाकूड वेगळं आणि पत्रा वेगळा. तो तापला.

"वीस वर्सा होडयेच्या खिळ्यांक लावतंव. एक खिळो गंजलेलो दाखव. तू लय शिकलंस काय?"

मी दहावीला दोनदा बसलो हे त्याला माहीत आहे. निलेश हसला. मीही हसलो. मग पिचकारीने दारांच्या आत, खांबांच्या आत, सीटखाली, सगळीकडे माशाचं तेल मारलं. साडेचार लिटर गेलं. वास असा सुटला की वाडीतली सगळी मांजरं माटवात जमली. प्रीतम म्हणाला, "बघ, तुझ्या गाडयेक गिऱ्हायकां इली."

तेल लागलं तिथला गंज मात्र थांबला. चौदा दिवस झाले, पुन्हा चढला नाही. हे मी रोज बघून कॅलेंडरवर लिहितो.

इंजिन मोकळं आहे, हाताने फिरतं. ब्रेकचे पाईप बदलले. कार्बोरेटर राहिला आहे. तो श्रीखंडाच्या डब्यात आहे, त्या दिवसापासून. निलेशने दोनदा विचारलं, "तो डबो उघडतलंस कधी?" मी सांगितलं, त्यातली मुख्य जेट हरवली आहे, कोल्हापूरहून मागवतो आहे. पितळेची असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, तिच्या बारीक भोकातून पेट्रोल येतं. तिच्याशिवाय बाकीचं जोडून उपयोग नाही. त्यामुळे वेळ लागेल.

तुझी सही त्याआधी आली तर बरं. स्टॅम्प पेपर ओला झाला असेल तर कळव, दुसरा पाठवतो.

यतीन


रविवार, २० जुलै २०२५
सकाळी आठ वाजून दहा मिनिटं

दादा,

या वेळी पोचपावतीही आली नाही. पत्र परत आलं नाही, म्हणजे तुझ्याकडेच आहे.

आत्ता मी पाकीट उघडून नानांचा फोटो नीट लावला. त्यामागची जेट काल कार्बोरेटरमध्ये गेली.

मागच्या पत्रात ती हरवली असं लिहिलं ते खोटं होतं. कोल्हापूरला मी कोणालाही फोन केला नव्हता. ती पहिल्यापासून माझ्या पाकिटात होती, नानांच्या फोटोमागे. त्या दिवशी ती माझ्या हातात होती, मग खिशात गेली, मग दहाव्या दिवशी पॅन्ट धुताना सापडली. डब्यात टाकली नाही. डब्यात टाकली असती तर सगळे भाग पूर्ण झाले असते, आणि पूर्ण असूनही गाडी का जोडत नाहीस असं कोणीतरी विचारलं असतं. एक भाग हरवला आहे म्हटलं की लोक विचारत नाहीत.

आता ३१ ऑगस्टला सहा आठवडे राहिले. म्हणून काल डबा उघडला. भाग त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते, शनिवार १९ फेब्रुवारी २०२२. मी प्रत्येक भागाखाली पेनाने आकडा घातला होता. एक ते एकतीस. शाई फुटली आहे, पण आकडे वाचता येतात. निलेशने तो कागद बघितला आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. म्हणाला, "तू इतक्या नीट काढलंलस?"

मी म्हटलं होय.

"मगे लोका सांगतत काय, तू मोडून ठेवलंलस म्हणान."

लोक नाही, दादा. हे बाराव्याला तू सांगितलंस. पंगत बसली होती, मी वाढत होतो, हातात आमटीचं भांडं होतं. तू म्हणालास, "ह्येच्या हातान बापूस गेलो आमचो." मामा होते, वाडीतले पंचवीस-तीस लोक होते. मी पुढच्या पानावर आमटी वाढली. का बोललो नाही ते तुला माहीत आहे.

काल दुपारी साडेतीनला एकतीस भाग जोडून झाले. नवीन किटमधले वायसर घातले, जुने भाग पेट्रोलमध्ये धुतले. बॅटरी लावली. निलेशने चावी माझ्या हातात दिली, मी त्याला परत दिली. मला त्या सीटवर बसवेना. त्याने फिरवली. चौथ्या वेळी चालू झाली. प्रीतम ओरडला, आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आली. धूर एवढा झाला की कोणाचं तोंड कोणाला दिसेना, त्यामुळे बरं झालं.

आईने तुला कळवलंच असेल. तिचा आवाज फोनवर मोठा होता. तू काय म्हणालास ते तिने सांगितलं नाही.

सही पाठव. दुसरा स्टॅम्प पेपर सोबत आहे.

यतीन


रविवार, १७ ऑगस्ट २०२५
संध्याकाळी पाच वाजून पन्नास मिनिटं

दादा,

आत्ता मी उजव्या बाजूचा रंग दुसऱ्यांदा घासून काढत होतो.

पांढरा रंग मारला होता, नानांच्या वेळी होता तोच. प्रीतमने होड्या रंगवायची मशीन आणली. रंग मारला तेव्हा आरशासारखा दिसला. अर्ध्या तासाने त्याच्यावर गोल गोल डोळे उघडायला लागले. मुगाएवढे, मग वाटाण्याएवढे. रंग बाजूला सरकायचा आणि मधे उघडा पत्रा. दारांच्या आत मारलेलं तेल उन्हाने पातळ होऊन सांध्यांतून, खिळ्यांच्या भोकांतून बाहेर आलं होतं. माशाच्या तेलावर रंग धरत नाही. होडीला तेल लावतात तिथे रंग लावत नाहीत, हे प्रीतमला माहीत होतं. पण गाडीला नंतर रंग लागणार, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

प्रीतम डोक्याला हात लावून बसला. निलेश म्हणाला, "आता हिका बाजारात न्हेवन टोपलेत मांड. ताजो बांगडो म्हणान खपात."

कोणी हसलं नाही. मग तोच म्हणाला, "चल रे, घासूया." परत तीन दिवस घासली. डावी बाजू बरी आहे. उजवीवर डोळे आलेच.

रंगाचं एक वेळ चालेल. वासाचं चालत नाही. श्रावण लागल्यापासून घरात मासे नाहीत, तू जाणतोस. बुधवारी आईला म्हटलं, यंदा गणपती मूर्तिकाराच्या शाळेतून फियाटने आणू, नाना आणायचे तसा पुढच्या सीटवर पाट ठेवून. ती गाडीजवळ आली, दार उघडलं आणि पदर नाकाला लावला.

"गणपतीक माशांच्या वासात बसयतलंस?"

मी म्हटलं, तीन वेळा साबणाने धुतली आहे, कडुलिंबाचा पाला ठेवला आहे, धूप घातला आहे.

"ता माका नको सांगू. निलेशाच्या टेम्पोतून हाड. हेतूर तू बस."

म्हणजे गणपती टेम्पोतून येणार. त्याला इलाज नाही. पण तुला स्टेशनवरून आणायला वास आडवा येत नाही. तू याच घरात सुकवलेल्या माशांवर मोठा झालास.

आई म्हणाली की तू "बघू" म्हणालास. २५ किंवा २६ तारखेच्या गाडीची तिकिटं मिळाली तर, असं. दोन्ही दिवस मी कुडाळला येतो. तू सही तिथेच केलीस तरी चालेल. २८ ला एजंटकडे कागद दिले तर मुदतीच्या आत बसतात, असं तो म्हणाला. पेन मी आणतो.

आणखी एक. तू आलास तर मी मागचं काही काढणार नाही. बाराव्याचं नाही आणि त्याच्या आधीचंही नाही. एवढे दिवस काढलं नाही, तसंच पुढे. याची तुला काळजी असेल तर ती करू नकोस.

यतीन


शुक्रवार, २९ ऑगस्ट २०२५
सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं

गुरुदास,

आत्ता मी आईला हे पत्र वाचून दाखवलं. कच्चं. आता पक्कं लिहितो आहे.

२५ ला मी दुपारी दोनपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत स्टेशनवर होतो. २६ ला सकाळी साडेसात ते एक. सगळ्या डब्यांतून माणसं उतरली. खोकी, पिशव्या, मुलं. एकाने मला विचारलं, "मालवण किती घेणार?" मी म्हटलं भाड्याची नाही. तो गाडीजवळ वाकला आणि बाजूला झाला. वासामुळे.

घरी आलो तर तुझं कुरिअर आलं होतं. आईने न उघडता देवाजवळ ठेवलं होतं. तिला वाटलं सही आली.

सही होती. पण मी पाठवलेल्या कागदावर नव्हती. तू नवा कागद केला आहेस, गाडी विकायला दोन्ही वारसांची संमती. तुझी सही केलेली, माझी जागा मोकळी. तिथे पेन्सिलीने फुली. वर पिवळी चिठ्ठी: "ते गिऱ्हाईक अजून घ्यायला तयार आहे. गाडी चालू झाली असं आईने सांगितलं. चारी बाजूंनी फोटो पाठव. अर्धे तुझे."

ते गिऱ्हाईक. तुला ते शब्द लिहिताना काही वाटलं नाही, म्हणून आता मीही लिहितो. आईला माहीत नव्हतं. आता आहे.

शनिवार, १९ फेब्रुवारी २०२२. सकाळी अकरा दहाला तुझा मला फोन आला. तू म्हणालास, सोमवारी मुंबईहून एक जण फियाट बघायला येतो, जुन्या गाड्या घेतो, पैसे चांगले देईल. गाडी झटके मारते, तेव्हा कार्बोरेटर काढून साफ कर. नानांना आत्ताच सांगू नको, चिडतील, मी येऊन समजावतो. किटचे पैसे टाकतो. अकरा चौदाला आठशे रुपये आले. तो मेसेज माझ्याकडे आहे. जुना फोन मी विकला नाही, त्याचं कारण तेच.

साडेबाराला मी कार्बोरेटर काढला. नानांना म्हटलं, झटके मारते म्हणून साफ करतो. ते म्हणाले, "कर, पण संध्याकाळच्या गाडयेच्या आधी." त्यांना स्टेशनचं भाडं होतं.

दोन वीसला त्यांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांनी आईला सांगितलं नाही. स्वतः चालत माटवात आले, गाडीत बसले, चावी लावली. स्वतःच चालवत जाणार होते. स्टार्टर नुसता फिरला. मग त्यांनी खाली बघितलं, कागदावर एकतीस भाग मांडलेले. घामाने सदरा भिजला होता. म्हणाले, "यतीन, घाल रे ता बेगीन."

आता माझं लिहितो. हे तुलाही माहीत नाही.

मी घालायला बसलो. मी उठून रस्त्यावर धावायला हवं होतं. गणपतकाकांची रिक्षा तेव्हा नाक्यावर उभी होती, ते त्यांनीच नंतर सांगितलं. दोन पस्तीसला ते भाडं घेऊन गेले. पण नानांनी घाल म्हटलं आणि मी एकापासून घालायला लागलो. आकड्यांप्रमाणे. एकही आकडा चुकवला नाही. अकरा मिनिटं बसून त्यांनी मला बघितलं. मग डोकं स्टिअरिंगवर आलं. तेव्हा माझ्या हातात सतरा नंबर होता, ती जेट. मग मी ओरडलो, मग आई आली. वाडीतल्या माणसांनी त्यांना गाडीतून काढून ओटीवर ठेवलं. दुसरी रिक्षा तीन पाचला मिळाली.

ती अकरा मिनिटं माझी आहेत. ती मी कोणावर ढकलत नाही. म्हणून तर बाराव्याला आमटी वाढत राहिलो. मला वाटलं, अर्धं खरं आहे, मग पूर्ण ऐकून घेऊ. आणि तू मोठा आहेस, रडून झाल्यावर तुझा अर्धा तू सांगशील. आधी वाटलं महिन्याभरात सांगशील. मग वाटलं वर्षश्राद्धाला. मग वाटलं, गाडी चालू झालेली कळली की सांगशील. गाडी चालू झालेली कळली आणि तू फोटो मागितलेस.

आईने सगळं ऐकलं. दूर्वा निवडत होती, हात थांबले नाहीत. विचारलं, "ता काढूक तुका गुरुदासान सांगल्यान?"

"होय."

"आणि बाराव्याक तो ता बोललो?"

"होय."

"आणि तू गप ऱ्हवलंस."

"होय."

दूर्वांची जुडी तिने बांधली. मला वाटलं अकरा मिनिटांबद्दल विचारेल. विचारलं नाही, अजून नाही. तू येत नाहीस तरी चतुर्थीपासून ती दोन्ही वेळा तुझं पान मांडते आहे, नैवेद्याचा पहिला मोदक त्यावर ठेवते. आत्ता उठताना म्हणाली, "आज एक पान कमी मांड." कोणाचं, ते मी विचारलं नाही. तिने पाट उचलून भिंतीला लावला तेव्हा कळलं. तुझा.

तुझा कागद सही न करता परत पाठवतो आहे. तुझ्या खाली माझं नाव येणार नाही. परवा मुदत संपेल, गाडी नानांच्याच नावावर राहील. एजंटला मी नाही म्हणून कळवलं. रस्त्यावर काढता येणार नाही, माटवात राहील. रोज सकाळी दहा मिनिटं चालू ठेवीन. मी आता त्या सीटवर बसतो. भंगारवाला आला तर येऊ दे.

फोटो पाठवत नाही. उजव्या बाजूवर डोळे आहेत.

हिशोब खाली लिहितो. तू विचारला नाहीस, पण गाडी दोघांची आहे तोपर्यंत तुला दाखवायला हवा.

झालेला खर्च:
पत्रा, दोन शीट: ४,२००
वेल्डिंगचे रॉड, गॅस: २,८५०
लांबी (पुट्टी), घासायचा कागद, प्रायमर: ३,१४०
रंग, पहिल्यांदा: ५,६००
रंग, दुसऱ्यांदा: २,४००
बॅटरी: ४,३००
टायर चार, जुने: ६,०००
ब्रेकचे पाईप, वायरिंग: ३,७६०
कार्बोरेटरचं किट: ९५०
पेट्रोल, ऑइल: २,१८०
स्टॅम्प पेपर दोन: १,०००
पोस्ट, हे धरून पाच पत्रं: २६०
कुडाळ, प्लॅटफॉर्म तिकिटं दोन: २०
एकूण: ३६,६६०

माझ्याकडून देणे:
निलेश, मजुरी (घेत नाही, तरी लिहिली): ६,०००
प्रीतम, मशीन आणि सामान (तेलाचे धरले नाहीत, त्याने धरू दिले नाहीत): २,५००
आई, काजूच्या पैशांतून: ५,०००
एकूण: १३,५००

तुझे माझ्याकडे:
१९ फेब्रुवारी २०२२, सकाळी अकरा चौदा, किटसाठी: ८००
ते किट तेव्हा आणलंच नाही. दुकान चारला उघडायचं होतं. आठशे रुपये आज वहिनीच्या नंबरवर पाठवले, कारण तुझा लागत नाही. पोचले की तुझं माझ्याकडे काही राहत नाही.

यतीन